शब्दचर्चा : ‘मेटाडेटा डंप’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : वीज गेल्यानंतर आमच्या सर्व्हरवरची एक्सएफएस फाइलसिस्टिम (डिस्कवर फायली मांडून ठेवणारी रचना) माउंट होईना, म्हणजे वापरासाठी जोडली जाईना. दुरुस्तीआधी मेटाडेटाचा (फायलींबद्दलच्या माहितीचा) डंप काढून ठेवा, असा सल्ला मिळाला. त्यासाठीचा एक्सएफएस-मेटाडंप हा प्रोग्राम चालवला, तर तो मध्येच ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (मेमरीतल्या चुकीच्या जागी हात घातल्याची चूक) येऊन बंद पडला. झाल्या प्रकाराची नोंद मराठीत करायची आहे. डंपला ‘बॅकअप’ लिहिले तर चालेल का? आणि ‘करप्ट’ला ‘भ्रष्ट’?

उत्तर : ‘बॅकअप’ मुळीच लिहू नका, त्याने नुकसान होईल. ‘उतारा’ लिहा. सातबाराच्या उताऱ्यात मालक, क्षेत्र, पीक, बोजा असे सगळे असते, पण जमीन हाती येत नाही. या डंपमध्येही आयनोड (प्रत्येक फाइलची माहिती ठेवणारी नोंद), डिरेक्टरीच्या नोंदी, डिस्कचा कोणता ब्लॉक (तुकडा) कोणाकडे एवढेच येते. फायलींमधला मजकूर येत नाही. ‘बॅकअप घेतला आहे’ असे वाचून उद्या कोणी डिस्क फॉरमॅट केली, तर परत आणायला काही उरणार नाही.

दुसरे उत्तर : ‘भ्रष्ट’ चूक नाही, पोथ्यांच्या संदर्भात ‘भ्रष्ट पाठ’ म्हणतातच. पण इथे दोन शब्द वेगळे ठेवा : डिस्क ‘खराब’ होते, फाइलसिस्टिम ‘बिघडते’. तुमचा उतारा का अडला हे शोधायलाही हाच फरक लागतो. कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये वाचनाच्या चुका दिसत असतील तर डिस्क खराब आहे. आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने तिची पूर्ण प्रत करा आणि पुढचे सगळे त्या प्रतीवर. नुसत्या वाचनाच्या चुकीने मात्र मेटाडंप थांबत नाही. ‘ई’ पर्याय दिलेला नसेल तर तो तेवढा भाग सोडून पुढे जातो. म्हणून सेगमेंटेशन फॉल्ट दिसला की मला पहिला संशय बिघडलेल्या रचनेचा येतो.

प्रश्नकर्ता : लॉगमध्ये वाचनाची एकही चूक नाही.

दुसरे उत्तर : मग ‘ओ’ पर्याय देऊन पुन्हा चालवा. एरवी मेटाडंप फायलींची नावे बदलून टाकतो, बाहेर कोणाला कळू नयेत म्हणून. बदललेल्या नावाची लांबी आणि हॅश (नावावरून काढलेला आकडा) मूळ नावाइतकेच राहावे लागतात, त्यामुळे हे काम नाजूक असते. डिरेक्टरीच विसकटलेली असेल तर बऱ्याचदा तिथेच ठेच लागते. ‘ओ’ने ते काम टळते. फाइलसिस्टिम अनमाउंटच राहू द्या, आणि पहिल्या अर्धवट उताऱ्यावर भरवसा ठेवू नका.

पहिले उत्तर : नोंदीत अशा उताऱ्याला ‘उघड्या नावांचा उतारा’ म्हणा, नेहमीच्याला ‘झाकल्या नावांचा’. फायलींच्या नावांत ग्राहकांची नावे, खाते क्रमांक असतात. उघडा उतारा बाहेर पाठवण्याआधी परवानगी घ्यायला हवी, हे शब्दातच दिसू दे.

प्रश्नकर्ता : उतारा पूर्ण निघाला. सोबत फाइलसिस्टिमचा स्वतःचा लॉग (जर्नल, म्हणजे बदलांची आधी केलेली नोंद) ‘डर्टी’ असल्याची सूचना आली. ‘मळका लॉग’?

तिसरे उत्तर : नको! जर्नलला हिशेबात ‘रोजकीर्द’ हा जुना, चांगला शब्द आहे. ‘रोजकीर्द खतवायची राहिली’ (तिच्यातले बदल मूळ जागी चढवायचे राहिले) असे लिहा, हिशेब ठेवणाऱ्या कोणालाही अर्थ लागेल. एरवी माउंट करताना ती आपोआप खतवली जाते. तुमच्याकडे माउंटच होत नाही, म्हणून एक्सएफएस-रिपेअर या दुरुस्तीच्या प्रोग्रामचा मोठा ‘एल’ पर्याय वापरावा लागेल असे दिसते. त्याला मात्र ‘दुरुस्ती’ म्हणू नका, ‘रोजकीर्द पुसणे’ म्हणा. न खतवलेले शेवटचे बदल त्यात जातात. आधी एक्सएफएस-एमडीरिस्टोअरने उताऱ्यापासून इमेज (फाइलसिस्टिमच्या रचनेची नक्कल असलेली फाइल) बनवा आणि रिपेअर तिच्यावर चालवून काय काय जाते ते बघा. खऱ्या डिस्कला तोवर हात लावू नका.

प्रश्नकर्ता : असे लिहिले आहे : ‘डिस्क शाबूत, फाइलसिस्टिम बिघडलेली. उघड्या नावांचा उतारा काढला. रोजकीर्द खतवायची राहिली आहे. रोजकीर्द पुसण्याची चाचणी इमेजवर.’

पहिले उत्तर : छान. पहिला उतारा कुठे तुटला, पडद्यावर नेमके काय उमटले आणि एक्सएफएसप्रोग्जची (एक्सएफएसच्या या प्रोग्रामांच्या संचाची) आवृत्ती कोणती, हेही त्याखाली लिहा. दोष कळवायचा झाला तर तेच आधी विचारतील.