डिस्नेला जातोय, पोराला कशात बसवू? लवकर सांगा प्लीज

घाईतला_बाबा
नमस्कार मंडळी, येत्या शनिवारी डिस्नेला जातोय, तिकिटं झाली, हॉटेल झालं आणि काल रात्री बायकोने विचारलं की पहिल्यांदाच नेतोयस तर त्याला नक्की कशाकशात बसवणारेस, तर माझ्याकडे उत्तरच नाही. अ‍ॅप उघडलं तर राइड्सची यादी बघूनच गरगरायला लागलं. लहान मुलाला कुठल्या चालतील तेवढं पटकन सांगा. मागच्या वेळी साताऱ्यात जत्रेतल्या घोड्यांच्या पाळण्यात बसवलं होतं तर पाळणा हलायच्या आधीच त्याने असं भोकाड पसरलं की पाळणेवाल्याने बिचाऱ्याने पैसे परत दिले. तसं तिथे झालं तर तिकिटाच्या पैशात मी रडेन. आणि गूगल करा म्हणून सांगू नका, केलंय.

चहाटळ
कुठलं डिस्ने? जगात सहा ठिकाणी आहे. मुलगा किती वर्षांचा? उंची किती? किती दिवस? आणि 'लहान' म्हणजे काय, माझी आई मला अजून लहान म्हणते.

कृष्णाकाठ
साताऱ्याहून डिस्ने कशाला हो, खोपोलीजवळ इमॅजिका आहे की आपलं. २०१३ पासून आहे. लहानांना तिथे हत्तीत बसून गोल फिरायची राइड आहे, घोडे आहेत, अलिबाबाच्या गुहेत बंदुकीने नेम धरायचा आहे. फक्त सलीमगडमध्ये नेऊ नका, भुताटकी आहे, आमचा पुतण्या आठवडाभर दिवा लावून झोपत होता. सकाळी निघालात तर रात्री घरी.

बे_एरियाची_माई
आम्ही तीनदा जाऊन आलोय त्यामुळे अनुभवाचे बोल. गेटातून आत गेलं की सरळ मागे टूनटाउनला जा, २०२३ मध्ये नवं करून उघडलंय, मुलांना लोळायला हिरवळ आहे. मग केसी ज्युनियरची छोटी आगगाडी आणि तिच्या शेजारी स्टोरीबुक लँडच्या होड्या, इवलीइवली घरं किनाऱ्यावर, अगदी आपल्या दिवाळीच्या किल्ल्यासारखं, या दोन्ही चुकवू नका. १९५५ चं पार्क आहे, खुद्द वॉल्ट डिस्नेच्या हयातीत उघडलेलं हे एकच, त्यामुळे सगळं आटोपशीर, पाय दुखत नाहीत. संध्याकाळी थंडी पडते, स्वेटर ठेवा.

घाईतला_बाबा
अहो माई, कॅलिफोर्निया नाही, ऑरलँडो! आणि कृष्णाकाठ, मी एडिसनला राहतो, न्यू जर्सी. साताऱ्याला सुट्टीत गेलो होतो. मला वाटलं लिहिलंय मी. मुलगा साडेतीन, साडेतीन म्हणजे पुढच्या महिन्यात चार.

चहाटळ
ऑरलँडोला चार पार्क आहेत. उंचीचं अजून सांगितलं नाहीत.

घाईतला_बाबा
मॅजिक किंग्डम, दुसरं कुठलं. एकच दिवस. आई-बाबा भारतातून आलेत, ते पण आहेत. उंची माहीत नाही, माझ्या कमरेपर्यंत येतो.

चहाटळ
तुमची कंबर जमिनीपासून किती उंचीवर आहे हे या धाग्यावर कोणालाच माहीत नाही.

दोन_पोरांची_आई
थांबा, मी नीट सांगते, आम्ही टॅम्पाला राहतो, वर्षाचा पास होता.

आधी त्याला दाराच्या चौकटीला टेकवून उभा करा आणि टेपने मोजा. इथे सगळं इंचात चालतं. स्पीडवेच्या गाड्यांना ३२ इंच लागतात (चालवणार तुम्हीच, तो नुसता स्टिअरिंग धरेल), बार्नस्टॉर्मर म्हणजे बाळांचं रोलरकोस्टर त्याला ३५, सेव्हन ड्वॉर्फ्सच्या खाणीतल्या गाडीला ३८, टियानाच्या पाण्याच्या राइडला ४०, स्पेस माउंटन या अंधारातल्या रोलरकोस्टरला ४४, ट्रॉनच्या रोलरकोस्टरला ४८. ४० च्या वरचं विसरून जा.

पण उंची हा अर्धाच भाग. माझ्या अनुभवाने या वयाची मुलं वेगाला नाही घाबरत, अंधाराला आणि अचानक येणाऱ्या आवाजाला घाबरतात. माझा थोरला बार्नस्टॉर्मरमध्ये खिदळत होता, ती मिनिटभरात संपते. तोच हाँटेड मॅन्शनच्या पहिल्या खोलीत, जिथे भिंती उंच होत जातात, दार बंद होतं आणि शेवटी दिवे जाऊन किंकाळी येते, तिथे माझ्या मानेला असा चिकटला की नखांचे वण चार दिवस होते. आणि त्या राइडला उंचीची अट नाहीच! म्हणजे 'अट नाही' याचा अर्थ 'भीती नाही' असा कधीच घेऊ नका. पायरेट्सचं पण तेच, होडी आहे, छान आहे, पण अंधारात एकदा खाली घसरते. मिकीच्या थ्रीडी सिनेमात अंधार होऊन अंगावर पाणी उडतं.

तुमचा पोरगा पाळणा हलायच्या आधीच रडला ना? मग तो वेगाला घाबरलाच नाही, वेग आलाच कुठे होता. भोंगा वाजत असेल तिथे, नाहीतर तुम्ही त्याला एकट्याला घोड्यावर ठेवून खाली उभे असाल. खरं की नाही?

पहिलं डंबो घ्या. हत्तीत तुम्ही शेजारी बसता आणि समोर एक दांडी असते, तिने हत्ती वर-खाली करता येतो. दांडी त्याच्या हातात द्या आणि सांगा की तुला नको तर आपण खालीच राहू. हे सांगितल्यावर मुलं बरोब्बर वर नेतात. मग इट्स अ स्मॉल वर्ल्ड, संथ होडी, एसी, बाहुल्या, आजी-आजोबांना पण चालते, १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेली मूळ राइड कॅलिफोर्नियाला गेली, ही तिचीच नक्कल. गाणं मात्र पुढे महिनाभर डोक्यातून जाणार नाही.

आणि एक, हे कोणी सांगत नाही. पोस्ट-इट चिठ्ठ्यांचं पॅड बरोबर घ्या. बाथरूममधले फ्लश आपोआप होतात आणि लहान मूल बसलेलं असतानाच धाडकन होतात. सेन्सरवर चिठ्ठी चिकटवायची, काम झालं की काढायची. आमचा धाकटा एका फ्लशनंतर दिवसभर 'जायचं नाही' म्हणून बसला होता, त्याच्यापुढे सगळी राइड्सची यादी गेली पाण्यात.

सात_वाजताचा_गजर
वरचं सगळं ठीक पण लायनीचं काय? लाइटनिंग लेन मल्टी पास (जादा पैसे भरून छोट्या लाइनीने जायचा पास) घेतलाय का? तुम्ही बाहेरच्या हॉटेलात असाल तर ३ दिवस आधी सकाळी ७ ला बुकिंग उघडतं, डिस्नेच्या हॉटेलात असाल तर ७ दिवस आधी. ६:५५ ला अ‍ॅप उघडून बसायचं, पीटर पॅनची राइड आधी उचलायची कारण तिथली लाइन कधीच कमी होत नाही. मी एक्सेल शीट केलंय, दर १५ मिनिटांचं, हवं तर पाठवतो.

उगाच_कशाला
साडेतीन वर्षांचं पोर. त्याला काय आठवणारे? मोठा झाल्यावर विचाराल तर म्हणेल मी कधी गेलो होतो. त्याच पैशात आई-बाबांना नायगारा दाखवा. पोरांना काय, घरामागे पाण्याचा पाइप सोडा, तीन तास खेळतात. वर १५ मिनिटांचं एक्सेल!! सुट्टी आहे की बोर्डाची परीक्षा?

दोन_पोरांची_आई
उगाच_कशाला, आठवणार नाही म्हणून मग त्याला आंबे पण देऊ नका यंदा. आणि धागाकर्त्याने जाऊ का नको असं विचारलेलंच नाही, तिकिटं झालीत.

गजर, तुम्हाला पण एक सांगू का, साडेतीन वर्षांचं मूल ११:१५ च्या स्लॉटला ११:१५ ला चालत येत नाही. त्याला वाटेत बदक दिसतं.

सात_वाजताचा_गजर
बदकासाठी बफर ठेवलाय शीटमध्ये.

उगाच_कशाला
😂 हे मात्र मान्य.

कृष्णाकाठ
बदकांवरून आठवलं, पुण्यात पेशवे पार्कात फुलराणी, १९५६ पासूनची. आमच्या लहानपणी गाडीच्या शिट्टीला जो रडायचा त्याला आजोबा आधी तीन फेऱ्या नुसत्या बाहेरून बघायला लावायचे. चौथ्या फेरीला पोर स्वतःच डब्यात. आणि गोराईच्या एस्सेलवर्ल्डला जायचो तेव्हा खरी मजा बोटीचीच, आत काय होतं ते कोणाला आठवतंय.

घाईतला_बाबा
सगळ्यांना धन्स. कृष्णाकाठ, आधी बघायला लावायचं हे भारी आहे, यूट्यूबवर राइडचे व्हिडिओ दाखवतोय आता त्याला, डंबोचा पाच वेळा बघितला.

दोन_पोरांची_आई, पकडलंत. मी खाली उभा होतो, मोबाइल धरून.

मोजला आज. बूट घालून साडेसदतीस इंच. म्हणजे खाणीच्या गाडीला अर्धा इंच कमी! आणि बायकोला तीच हवीय. काही करता येतं का?

जुगाडू_जे
दोन जाड मोजे आणि आत एक्स्ट्रा सोल. केस थोडे वर. आमचा असाच बसला होता एका पार्कात. आणि तिकिटाचं पण, ३ वर्षांखाली फुकट असतं, साडेतीन आहे कोण बघतंय.

दोन_पोरांची_आई
हे असलं अजिबात करू नका. उंची बघतात ती आडवी दांडी मुलाच्या मांडीवर नीट बसावी म्हणून, तिथल्या माणसाला तुम्ही फसवाल, दांडीला कसं फसवाल? आणि पोरगा समोर उभा असताना त्याचं वय खोटं सांगायचं, तोच मोठ्याने सांगेल मी तीन नाही, चार होणारे.

त्यापेक्षा रायडर स्विच मागा. सगळ्यांनी मिळून प्रवेशाशी जायचं, मुलासकट, तिथल्या कर्मचाऱ्याला सांगायचं. एक जण मुलाजवळ थांबतो, बाकीचे जाऊन येतात, मग थांबलेला माणूस मोठी लाइन न लावता जातो. वेगळे पैसे नाहीत. बायकोला आधी पाठवा.

जुगाडू_जे
मी गंमत केली हो.

सांगलीची_सून
सगळे राइड्सचंच बोलताय, शनिवारी आषाढी एकादशी आहे हे कोणाच्या लक्षात आलं का? धागाकर्ते, तुमच्या आईंचा उपास असेल ना? फ्लोरिडाच्या जुलैच्या उन्हात उपाशीपोटी दिवसभर?

घाईतला_बाबा
अरे देवा. आत्ता आईला विचारलं तर म्हणाली, "मग? तुला आज कळलं होय?" तिला माहीत होतं, मलाच सांगायचं राहिलं म्हणे.

सांगलीची_सून
घरचं खाणं नेता येतं आत, काचेच्या बरण्या आणि दारू तेवढी चालत नाही. राजगिऱ्याचे लाडू, वेफर्स, खजूर, उपासाच्या भाजणीचं थालीपीठ घट्ट गुंडाळून. साबुदाण्याची खिचडी नको, दुपारपर्यंत गोळा होतो.

उगाच_कशाला
फ्रेंच फ्राइज चालतील की. बटाटाच तो.

सांगलीची_सून
तेल कुठलं आणि त्याच कढईत आधी काय तळलंय ते विचारलंत का?

सात_वाजताचा_गजर
मुद्द्यावर येऊ. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी विजा-पाऊस जवळजवळ ठरलेला. विजा चमकल्या की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात, डंबो पण. म्हणून बाहेरच्या सकाळी, आतल्या दुपारी. गाडी लावाल ते पार्कच्या दारात नाही, तिथून फेरीबोट नाहीतर मोनोरेल पकडून जावं लागतं, अर्धा तास धरा. आई-बाबांसाठी पीपलमूव्हर ही संथ फिरणारी गाडी ठेवा, शिडीबिडी नाही, सरकत्या पट्ट्यावरून चढायचं, सावली, वारा, दहा मिनिटं बसून राहायचं. फक्त मध्ये ती स्पेस माउंटनच्या पोटातून जाते, तिथे काळोख असतो, पोराला आधी सांगून ठेवा.

बे_एरियाची_माई
स्वेटर घेऊ नका मग. तिकडे थंडी नसते.

घाईतला_बाबा
परत आलोय. झोप झालेली नाही तरी लिहितो, नाहीतर राहून जाईल.

फेरीबोटीत बाबा जाम खूश, कृष्णाकाठ तुमची आठवण काढली. डंबोला त्याने लाइनमध्ये गेल्या गेल्या 'नको' सुरू केलं, मग आम्ही बाहेर कठड्याशी उभं राहून तीन फेऱ्या बघितल्या आणि चौथ्यांदा आत. दांडी दोन्ही हातांनी दाबून धरली होती, पहिली फेरी पूर्ण जमिनीलगत, आजूबाजूचे सगळे हत्ती डोक्यावरून चाललेत आणि आमचा खालीच. मी गप्प बसलो. मग माझ्याकडे न बघता हळूच थोडी ओढली, हत्ती हातभर वर आला, परत खाली. "बाबा, मी केलं." उतरल्यावर परत लाइनीत. अकराला गजरचा स्लॉट होता पीटर पॅनचा, तो चुकला. बदक नव्हतं, चिमणी होती.

बार्नस्टॉर्मरला उंचीच्या पट्टीखाली ऐटीत उभा राहिला, पास झाला आणि गाडी समोर आल्यावर म्हणाला मला खाली बघायचंय. बायको त्याला घेऊन बाहेर गेली. तर मागून आई म्हणाली, "लाइन लावलीय तर वाया कशाला घालवायची?" पदर खोचला आणि बाबांना घेऊन बसली. ओरडली ती बाबांच्या नावाने, आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं नाव तिने मोठ्याने घेतलं असेल.

तीनला विजा, सगळं बंद, आम्ही स्मॉल वर्ल्डमध्ये. पीपलमूव्हर चार वेळा झाली. काळोखात तो आईला धीर देत होता, "आज्जी, आता उजेड येणारे." हाँटेड मॅन्शन बाहेरूनच दाखवलं. पोस्ट-इटचं अर्धं पॅड संपलं, त्यासाठी वेगळा नमस्कार.

सांगलीची_सून
आणि काकूंचा उपास? फ्राइज खाल्ल्या का शेवटी?

घाईतला_बाबा
थालीपीठं सकाळीच फेरीबोटीत पोराने संपवली. दुपारी आईने फ्राइज खाल्ल्या, दोन वेळा. तेलाचं मी विचारतो म्हटलं तर म्हणाली विचारू नकोस.