मदत हवी आहे: २०१४ ची थार सीआरडीई, मालक ५.९० म्हणतोय, किती द्यावेत?

बालाघाटी

मंडळी, अंबाजोगाईजवळ एक महिंद्रा थार सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनची) फोर-बाय-फोर (चारही चाकांना जोर देता येणारी) बघितली. २०१४ ची, दुसरा मालक, एमएच २४ पासिंग, मीटरवर ९६ हजार. मागणी ५ लाख ९० हजार. त्याच सालाच्या जाहिराती ४.६० पासून ६.२५ पर्यंत दिसतात, त्यामुळं खरा भाव कोणता तेच कळेना. मालक म्हणतो, "लाखभराचं मटेरियल टाकलंय": पुढं लोखंडी बंपर, वर लाइट बार, फायबरचं हार्डटॉप (टणक छत), नवीन सीट कव्हर. माझा वापर म्हणजे रोज शेत, पावसाळ्यात काळ्या रानातली दोन किमीची वाट आणि महिन्यातून एखादी पुण्याची फेरी. भाव कसा काढायचा? बघताना काय तपासायचं?

दहा_बारा_पाना

आधी आरसी हातात घ्या आणि सीसी वाचा. २४९८ असेल तर सीआरडीई, २५२३ असेल तर डीआय, म्हणजे थारचंच साधं डिझेल इंजिन. सीआरडीई १०५ बीएचपीची, डीआय ६३ ची. बिल्ला कुणीही चिकटवतो. डीआय वाईट नाही, तालुक्याचा कुठलाही मिस्त्री ती खोलतो, पण तिचा भाव वेगळा.

'लाखाच्या मटेरियल'चे शून्य रुपये धरा. हौस त्याची, पैसे तुम्ही कशाला द्यायचे?

आता गाडी रॅम्पवर चढवा, नाहीतर सतरंजी टाकून खाली झोपा. "मराठवाड्याची गाडी, गंज नाही" हे अर्धंच खरं. आपल्याकडं खारी हवा नाही, पण काळी माती चेसिसच्या पोकळीत बसते. वरून सुकलेली दिसते, आत ओल धरून असते, आणि पत्रा आतून कुजत बाहेर येतो. चेसिसला खालून पाणी निघायची भोकं असतात, त्यात तार घालून बघा. ढेकळं पडली तर गाडी कधी खालून नीट धुतलेली नाही. मग पायाखालचं मॅटिंग उचला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं फ्लोअरवर कोपऱ्या-कोपऱ्यात ठोका. चांगला पत्रा टण् वाजतो, कुजलेला किंवा पुट्टी भरलेला भद्द. काचेच्या फ्रेमचा खालचा सांधा आणि दाराखालची पट्टीही अशीच वाजवा. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर खूश होऊ नका, तो कशावर मारलाय ते खरवडून बघा.

पुढचं सस्पेन्शन टॉर्शन बारचं (स्प्रिंगचं काम करणारी, पिळली जाणारी सळई) आहे. गाडी उंच दिसावी म्हणून लोक बारचे बोल्ट आवळतात. मग अ‍ॅक्सलचा कोन वाढतो, रबरी बूट फाटतात, ग्रीस उडून जातं आणि जॉइंटमध्ये माती जाते. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले की समजायचं. पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. ढिलं लागलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. आडवं धरून ढिलं लागलं तर टाय रॉड. मागं पाटे (एकावर एक पोलादी पानांची स्प्रिंग) सपाट झालेत का, एखादं पान तुटलंय का, तेही बघा.

इंजिन थंड असतानाच सुरू करायचं. तुम्ही पोचायच्या आधी मालकानं गाडी गरम करून ठेवली असेल, तर बोनेटवर हात ठेवला की कळतं. मग चहा घ्या, दोन तास थांबा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. ॲक्सिलरेटर दाबल्यावर भसकन काळा धूर आला तर इंजेक्टर, टर्बोचा होज किंवा एअर फिल्टर. चालू इंजिनवर तेलाचं झाकण उघडा. थोडी वाफ चालते. झाकण उडतंय, भक-भक धूर येतोय, तर पिस्टन-रिंगची बात आहे, तिथून परत फिरा. गाडी आवडली तर शेवटी इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करून घ्या. चार नळ्या चार बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन आयडलवर ठेवायचं. एका बाटलीत इतरांपेक्षा बरंच जास्त डिझेल जमलं तर तो इंजेक्टर गेला.

माळरान

पाना अण्णांनी फोर-बाय-फोर राहू दिलं, ते मी लिहितो.

टेस्ट डांबरावर घेऊ नका. या गाडीला मध्ये डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) नाही. ४एच (फोर-बाय-फोरचा वेगाचा गिअर) लावून डांबरावर वळलं की पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात, लीव्हर अडकतो, ट्रान्सफर केसची (पुढच्या चाकांकडं ताकद नेणारी पेटी) चेन ताणते. नांगरलेल्या रानात न्या. ४एल (कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर) लावा, क्लच हळू सोडा आणि एकाला बाजूला उभं करून पुढच्या चाकांकडं बघायला सांगा. डॅशवर दिवा लागला म्हणजे पुढची चाकं ओढतायत असं नाही. मागची माती उडवतायत आणि पुढची नुसती घरंगळतायत, तर हब (पुढचं चाक अ‍ॅक्सलशी जोडणारा भाग) लॉक होत नाही. हबला व्हॅक्यूमची नळी असेल तर आधी ती तडकलीय का बघा, स्वस्तात सुटतं. चढावर जोर लावताना कट-कट आवाज आला तर चेन ताणलेली. हे स्वस्तात सुटत नाही.

आणि २०१४ च्या गाडीला मागचा लॉकिंग डिफरन्शियल (एक चाक घसरलं की दुसऱ्यालाही जोर देणारा) नसतो, तो २०१५ च्या फेसलिफ्टपासून आला. म्हणून २०१६ च्या जाहिरातीशी तुलना करून भाव मान्य करू नका. तुमच्या काळ्या रानात एक मागचं चाक चिखलात फिरत राहिलं की हा फरक कळेल.

वखरपाळी

मागचा हुक बघा. गोळा झिजून चकचकीत झाला असेल तर तिनं ट्रॉली नाहीतर पाण्याचा टँकर ओढलाय. मीटर ९६ हजार सांगो, क्लच आणि मागचा डिफरन्शियल त्याच्या दुप्पट वापरलेले असतात. ४० च्या वेगात चौथा गिअर टाकून ॲक्सिलरेटर तळाला दाबा. आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, की क्लच संपला.

कागदपत्री

परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून बँकेचा बोजा, थकलेले चलान आणि ब्लॅकलिस्टची नोंद बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) हातात आल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. वाळूच्या कारवाईत गाडी कधी अडकली होती का, तेही विचारून घ्या, आपल्याकडं ही शंका रास्त आहे. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०.

आरसीची मुदत १५ वर्षं, म्हणजे ही गाडी २०२९ पर्यंत. नंतर फिटनेस काढून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, वर पर्यावरण कर. पहिलं पासिंग दिल्लीचं निघालं तर सावध. तिकडं दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीचे आदेश निघाले होते, म्हणून अशा गाड्या स्वस्तात इकडं येतात. कमी भावातला फरक आपला रोड टॅक्स खाऊन टाकतो.

लोखंडी बंपर नियमात बसत नाही. हार्डटॉपची नोंद आरसीवर नसेल तर ते काढायला सांगा आणि मूळ कापडी हूड व मूळ बंपर मागून घ्या. विम्याचं: नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा, तुम्हाला मिळत नाही. पॉलिसी १४ दिवसांत नावावर करायची. आणि पॉलिसीवरची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) म्हणजे बाजारभाव नव्हे. पाच वर्षांनंतर ती मालक आणि विमा कंपनी आपसांत संमतीनं ठरवतात.

बालाघाटी

सगळ्यांचे आभार. काल दोन तास खाली झोपून आलो. आरसी २४९८. बोजा नाही, पहिल्यापासून लातूर पासिंग. इंजिन थंड होतं, धूर नाही, झाकणाला थोडी वाफ. चारही बाटल्या जवळपास सारख्या. ४एल रानात नीट ओढते. हुक चकचकीत, क्लच घसरतो. पुढचे दोन्ही बूट फाटलेले, उजवीकडं ग्रीस. मागं डाव्या बाजूचं एक पान तुटलेलं. ड्रायव्हरच्या पायाखाली ताटाएवढ्या जागेत भद्द आवाज, चेसिस मात्र चांगली. टायरवर आकडे १८१७, पाचही तेच.

गॅरेजमध्ये विचारलेले दर: टायर पाच मिळून ४८ हजार, मजुरीसह क्लच १४, बूट आणि बॉल जॉइंट ९, पाटे ६, फ्लोअर कापून वेल्डिंग आणि रंग १५.

दहा_बारा_पाना

१८१७ म्हणजे २०१७ सालचा अठरावा आठवडा. नक्षी कितीही उरली असो, रबर म्हातारं झालंय, बदलावेच लागतील. तरी भावातून पूर्ण ४८ वजा करू नका. जुन्या गाडीला नवे टायर कुणीच देत नाही. चांगल्या गाडीचे टायर अर्धे उरलेले असतात, म्हणून अर्धे, २४ हजार कापा. बाकी कामं पूर्ण कापा, ती नसतील त्याच गाडीला 'चांगली' म्हणतात.

जाहिरातींतले वरचे-खालचे दोन-दोन सोडा. मधल्यांत ज्या खरोखर विकल्या गेल्या, त्यांच्या मालकांना किंवा एजंटांना फोन करून शेवटचा आकडा विचारा. छापलेला आकडा मागणीचा असतो.

बालाघाटी

केले फोन. तीन गाड्या विकल्या गेल्या: ४.९५, ५.१०, ५.२०. तिन्हींना काही काम करायचं नव्हतं असं सांगतात.

माळरान

मग ५.१० धरा. कापायचे २४ + १४ + ९ + ६ + १५, म्हणजे ६८ हजार. राहिले ४ लाख ४२ हजार. ट्रॉली ओढलेल्या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलसाठी २० हजार बाजूला ठेवा, म्हणजे ४.२२. बोली ४.०५ पासून लावा. डिफरन्शियलचा खर्च निघेलच असं नाही, म्हणून ताणलं तर फार तर ४.४० ला थांबा. दर लिहिलेला कागद मालकासमोर ठेवा. 'महाग वाटतंय' म्हटलं की माणूस चिडतो, तुटलेलं पान हाताला दाखवलं की गप्प बसतो.

वखरपाळी

मालकाला बंपर आणि लाइट बार काढून घेऊ द्या. त्याचं 'लाखभर' त्याच्याकडंच राहिलं की तो खाली यायला मोकळा होतो.

कागदपत्री

ठरलं तर इसार दहा हजारांच्या वर नको. इसारपावतीवर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरून वाचून लिहा, आरसीवरून उतरवू नका. चेसिस नंबर चिखलाखाली असतो, तेवढं ब्रशनं घासून घ्या. आणि ताबा दिल्याची तारीख-वेळ टाका, आधीचं चलान कुणाचं यावरून नंतर भांडणं होतात.