अनुभव धागा: केंब्रिजचे बारा महिने

दिवेलागण

मंडळी, लंडनला आलेले पाहुणे केंब्रिजला एक दिवस देतात. गाडी तासाभरात पोचवते, किंग्ज कॉलेजसमोर फोटो होतात, कॅम नदीत होडीची चक्कर होते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. एवढ्यावर गाव पाहून झालं असं म्हणणारे भेटतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. १९५१ साली याला शहराचा दर्जा मिळाला, पण चाल अजून गावाचीच आहे, आणि हे गाव तिथी-वारावर चालतं. कुठल्या महिन्यात कुठे उभं राहायचं हे कळलं तरच ते उलगडतं. म्हणून हा धागा. इथे राहिलेल्या, शिकलेल्या, मुलांकडे येऊन गेलेल्या सगळ्यांनी लिहा. एक महिना निवडा आणि स्वतः अनुभवलेलं सांगा.

सुरुवात मी करते, थंडीपासून. ऑक्टोबर ते मार्च या काळात बुधवारी संध्याकाळी मॅडिंग्ली रोडवरच्या खगोलशास्त्र संस्थेत सर्वांसाठी विनामूल्य व्याख्यान असतं. आकाश निरभ्र असेल तर नंतर दुर्बिणीतून तारे दाखवतात. आवारात नॉर्थम्बरलँड दुर्बीण आहे, १८३०च्या दशकातली. १८४६ साली जेम्स चॅलिस हिच्यातून नेपच्यून शोधत होते. तो त्यांच्या नजरेखालून गेलाही, पण ओळखू आला नाही आणि मान बर्लिनच्या वेधशाळेला मिळाला. माझी मुलगी थंडीनं गारठलेली, नाक लाल, पण डोळा लावल्यावर हलायला तयार नव्हती. गुरू आणि त्याच्या बाजूला एका ओळीत चार चंद्र! तिला मी तिथेच सांगितलं की फ्रेड हॉईल यांनी १९६०च्या दशकात ही संस्था उभारली तेव्हा पहिल्या फळीत आपले जयंत नारळीकर होते. १९५७ साली ते इथे आले, गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन सिनियर रँग्लर झाले, किंग्ज कॉलेजचे फेलो झाले आणि १९७२ साली मायदेशी परतले. ज्यांची विज्ञानकथा आपण शाळेत वाचली, त्यांच्या अंगणात उभं राहून गुरू पाहणं ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कृष्णाकाठ

मी लेकीच्या बाळंतपणाला आले होते, ऐन जानेवारीत. चारला अंधार पडायचा. जीव नुसता कोंडल्यासारखा झालेला. मग जावई एका रविवारी लोड नावाच्या खेड्यात घेऊन गेले, केंब्रिजपासून गाडीनं जवळच आहे. तिथे अँग्लसी ॲबी म्हणून जुनी वास्तू आणि मोठी बाग. जमिनीवर सगळीकडे स्नोड्रॉपची पांढरी फुलं, बोटभर उंचीची, माना खाली घातलेली. त्यांच्या शेकडो जाती तिथे जपल्यात. बायका-पुरुष चिखलात गुडघे टेकून फुलाच्या पाकळीवरचा हिरवा ठिपका पाहत होते, कारण जात त्यावरून ओळखतात.

पण मला सांगायचंय ते पुढचं. हिवाळी वाटेच्या शेवटी पांढऱ्याशुभ्र खोडांची राई लागते. पाटीवर हिमालयातला बर्च असं लिहिलेलं. जावई म्हणाले, आई, हाच तुमचा भूर्ज. खोडाची साल कागदासारखी सुटत होती. भूर्जपत्रावर लिहिलेल्या पोथ्यांबद्दल जन्मभर ऐकलं, झाड पाहिलं ते विलायतेत. मी हात लावून नमस्कार केला. बागेतच पाणचक्की आहे, अजून दळते, तिथलं पीठ विकत मिळतं. आम्ही आणलं आणि त्यात थोडी आपली कणीक मिसळून पोळ्या केल्या. चांगल्या झाल्या.

ज्यांच्याकडे आईवडील हिवाळ्यात येणार आहेत त्यांनी त्यांना फेब्रुवारी संपायच्या आत इथे न्याच.

वल्हेकरी

मी इथे पीएचडी केली आणि कॉलेजच्या नावेत वल्हं मारलं. त्यामुळे माझा महिना जून. इथला ‘मे वीक’ जूनमध्ये येतो, परीक्षा संपल्यावर.

कॅम नदी इतकी अरुंद आहे की दोन नावा शेजारी-शेजारी शर्यत लावू शकत नाहीत. म्हणून १८२०च्या दशकापासून इथे ‘बंप्स’ चालतात. एकामागे एक नावा उभ्या करतात, दोन नावांमध्ये साधारण दीड नावेचं अंतर. प्रत्येकीत आठ वल्हेकरी आणि एक सुकाणू धरणारा. तोफ तीन वेळा होते : चार मिनिटं उरली, एक मिनिट उरलं, आणि सुटा. आता पुढची नाव गाठून तिला धक्का द्यायचा आणि मागची येऊन आपल्याला धक्का देण्याआधी द्यायचा. धक्का बसला की दोन्ही नावा काठाला लागतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागांची अदलाबदल होते. असे चार दिवस. ज्या नावेनं धक्का दिला ती नदीकाठच्या झाडांच्या डहाळ्या केसांत, सदऱ्यात खोचून परतते.

ते शेवटचे क्षण सांगतो. आपण मागे तोंड करून बसलेले असतो, पुढचं काही दिसत नाही. दिसते ती फक्त मागून चढत येणारी नाव. काठावर आपला प्रशिक्षक सायकलवरून धावत शिट्टी फुंकत असतो. एक शिट्टी म्हणजे एका नावेचं अंतर, दोन म्हणजे निम्मं, तीन म्हणजे पाव. तिसरी ऐकली की पाय, पाठ, फुप्फुसं सगळं जळत असतानाही कुठून तरी ताकद येते. आम्ही त्या संध्याकाळी पुढच्या नावेला गाठलं. माझे आईवडील फेन डिटनच्या कुरणात चटईवर बसून पाहत होते. आई दशम्या घेऊन आली होती, नऊच्या नऊ जणांना पुरल्या.

बघायला तिकीट लागत नाही. फेन डिटनला किंवा डिटनच्या वळणावर शेवटच्या दिवशी, शनिवारी, दुपारीच जाऊन जागा धरा. हिवाळा संपताना ‘लेंट बंप्स’ होतात, पण थंडी आणि पाऊस सोसायची तयारी हवी.

निवांत

वल्हेकरींच्या लिखाणाला जोडून एक महत्त्वाचं. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत परीक्षांमुळे बरीच कॉलेजं पाहुण्यांना बंद असतात. गावाहून माणसं बोलवताना हे दिवस टाळा, निदान आधी चौकशी करा.

कऱ्हाडचा बाप

मुलाच्या पदवीदानाला जूनअखेर आलो होतो. कॉलेजातून मिरवणूक निघते, काळे झगे, पांढरे टाय, रस्त्यावरची वाहनं थांबतात. सेनेट हाउसमध्ये कॉलेजचा एक अधिकारी उजवा हात पुढे करतो आणि चार-चार विद्यार्थी त्याचं एकेक बोट धरून उभे राहतात. तो लॅटिनमध्ये सांगतो की ही मुलं विद्येनं आणि वर्तनानं पात्र आहेत. मग एकेक जण कुलगुरूंसमोर गुडघे टेकतो, हात जोडतो आणि कुलगुरू ते जोडलेले हात आपल्या हातांत घेतात. माझ्या मुलानं हात जोडले तेव्हा त्याच्या आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही.

मी गणिताचा शिक्षक. सेनेट हाउसच्या पायऱ्यांपाशी मला आमचे रँग्लर परांजपे आठवले. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सेंट जॉन्स कॉलेजात शिकले आणि १८९९ साली सिनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्या काळी गणिताच्या परीक्षेचा निकाल याच इमारतीत क्रमवार वाचून दाखवत, पहिला आला त्याचं नाव देशभर गाजे. १९०९ नंतर क्रम जाहीर करणं बंद झालं, पहिल्या आलेल्याला सिनियर रँग्लर म्हणणं मात्र राहिलं. परांजपे पुण्याला परतून फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. मराठी माणसानं रँग्लर ही पदवी नावाच्या आधी लावली ती कायमची. मुलाला मी समारंभानंतर सेंट जॉन्सच्या दारापर्यंत चालत घेऊन गेलो आणि ही सगळी हकिगत सांगितली.

कुरणातली

दोन लहान मुलांची आई या नात्यानं लिहिते. आमचं वर्ष गाईंवर चालतं! वसंत लागला की मिडसमर कॉमनवर तांबड्या गाई सोडतात, त्या पानगळीपर्यंत असतात. गावाच्या मधोमध, सायकलवाल्यांच्या वाटेत निवांत रवंथ करतात. एखादी नदीत घसरली तर तिला बाहेर काढायला नगरपालिकेची व्यवस्था आहे. मुलं शाळेतून येताना रोज त्यांना भेटतात.

याच कुरणावर जूनच्या शेवटी मिडसमर फेअर भरते. हिची सनद किंग जॉनची, १२११ सालची. पाळणे, चक्रं, गोड पदार्थांचे ठेले, आपल्या जत्रेत असतं ते सगळं. उद्घाटनाला महापौर झगा घालून येतात आणि मुलांसाठी नवी कोरी नाणी उधळतात. माझ्या धाकटीनं एक पेनी उचलली आणि मुठीतून सोडलीच नाही, तशीच झोपली.

ऊन पडलं तर जीजस ग्रीनचा उघडा पोहण्याचा तलाव. १९२३ सालचा, सुमारे ९१ मीटर लांब आणि कडाक्याचा गार.

काठीवाला

मी काही उन्हाळे पंट, म्हणजे काठीनं रेटायची सपाट तळाची होडी, चालवून खर्च भागवला, तर नदीबद्दल थोडं. ऑक्सफर्डचे लोक पंटच्या खोलगट टोकात उभे राहतात, आम्ही मागच्या सपाट फळीवर. काठी सरळ सोडायची, तळाला लागली की अंगाचं वजन देऊन रेटायची आणि निघण्याआधी मनगटाला किंचित पीळ द्यायचा, म्हणजे चिखल तिला सोडतो. चिखलानं धरलीच तर काठी सोडून द्या, नाव सोडू नका.

क्वीन्स कॉलेजच्या लाकडी पुलाखालून जाताना तुम्हाला सांगतील की तो न्यूटननं खिळ्यांशिवाय बांधला. हे खरं नाही. न्यूटन १७२७ साली वारला, पूल १७४९चा. आराखडा विल्यम एथरिजचा, बांधणारा जेम्स एसेक्स, आणि आता दिसतो तो १९०५ साली पुन्हा बांधलेला. सरळ फळ्यांनी कमान साधलीय, हेच त्याचं खरं कौतुक, आणि ते पाहायला न्यूटनची गरज नाही.

गर्दी नको असेल तर मे महिन्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी उलट दिशेला, ग्रँटचेस्टरकडे निघा. काठावर वाळुंज, पाण्यात पाणकोंबड्या, माणूस नाही. तिथे १८६८ साली लावलेली फळबाग आहे, तिच्यात १८९७ पासून झाडाखाली चहा मिळतो. चालत जायचं असेल तर न्यूनहॅमहून कुरणातून पायवाट आहे.

पानगळ

ऑक्टोबर माझा. विद्यापीठाची वनस्पती-बाग चाळीस एकरांची आहे, डार्विनचे गुरू हेन्स्लो यांनी ती आताच्या जागी वसवली, १८४६ साली खुली झाली. सफरचंदांच्या दिवसांत इथे कित्येक जाती मांडून ठेवतात, चवीलाही देतात. इथे न्यूटनच्या झाडाच्या वंशातलं एक झाड होतं, ते फेब्रुवारी २०२२च्या वादळात पडलं. बागेनं त्याची कलमं आधीच करून ठेवली होती. दुसरं ट्रिनिटी कॉलेजच्या दाराबाहेर आहे, १९५४ साली लावलेलं.

आणि चिंतामणराव देशमुख! ते जीजस कॉलेजात निसर्गविज्ञान शिकले, वनस्पतिशास्त्रातलं बक्षीस मिळवलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडणारे, म्हणून आपण त्यांना ओळखतो. या बागेत फिरताना मला त्यांच्यातला झाडांचा विद्यार्थी आठवतो.

नऊ_पाठ

धाग्यात डिसेंबर राहिला. २४ डिसेंबरला दुपारी तीनला किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमध्ये बायबलमधले नऊ पाठ आणि कॅरलगीतं यांचा सोहळा होतो. १९१८ साली, महायुद्ध संपल्या संपल्या, सुरू झाला. १९२८ पासून, १९३० वगळता, बीबीसी रेडिओवरून जगभर ऐकू जातो. पहिल्या गीताचं पहिलं कडवं एक मुलगा साथीशिवाय एकटा गातो आणि तो कोण हे अगदी ऐनवेळी ठरतं. त्या सोहळ्याला जागा मिळणं अवघड, प्रवेशाची पद्धतही बदलत असते, वेळेत चौकशी करा.

पण माझं सांगणं वेगळं आहे. सत्र चालू असताना संध्याकाळची प्रार्थना सगळ्यांना खुली असते, पैसे लागत नाहीत. नोव्हेंबरातल्या एखाद्या आडवारी जा. मेणबत्त्या लागलेल्या असतात, वर जगातलं सर्वांत मोठं पंखाकृती छत, जॉन वास्टेलनं १५१२ ते १५१५ या तीन वर्षांत पुरं केलेलं. मुलांचा आवाज त्या दगडापर्यंत चढतो आणि गाणं थांबल्यावरही वर रेंगाळतो. मी किराणा घराण्याचं गाणं ऐकत वाढले. स्वराला इतकी जागा मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

शून्यलब्धी

कुठल्याही महिन्यात : ट्रिनिटीचं रेन ग्रंथालय. ठरावीक वेळातच पाहुण्यांना सोडतात आणि मांडणी बदलत असते. न्यूटनची स्वतःची, समासात दुरुस्त्या केलेली ‘प्रिन्सिपिया’ची प्रत इथली. १९७६ साली जॉर्ज अँड्रूज यांना रामानुजनची हरवलेली वही याच इमारतीत कागदांच्या गठ्ठ्यात सापडली. मार्चमध्ये विद्यापीठाचा महोत्सव असतो, बहुतेक व्याख्यानं विनामूल्य. तेव्हा या, व्याख्यान ऐका आणि मग इथे.

दिवेलागण

किती सुंदर लिहिताय सगळे! ऑगस्टबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून भर घालते. जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेजांच्या बागांत शेक्सपिअरची नाटकं होतात, उघड्यावर. सतरंजी, डबा आणि स्वेटर न्या, दुसऱ्या अंकाला गारठा पडतो. सप्टेंबरात एरवी बंद असलेली दारं काही दिवस उघडतात, त्याची नावनोंदणी लवकर संपते. आणि गणपतीसाठी नारळ, कोथिंबीर, कढीपत्ता हवा असेल तर थेट मिल रोड गाठा. एप्रिल अजून रिकामा आहे, कुणीतरी लिहा.