घरी शिवण्यासाठी मशीनखेरीज कोणती साधने खरोखर लागतात?

रानजाई (नाशिक)

नमस्कार. पायाने चालणारे, फक्त सरळ टीप मारणारे काळे मशीन मी नुकतेच जुन्या बाजारातून घेतले असून त्याला मोटरही जोडून घेतली आहे. शिवणाचा वर्ग पूर्वी केलेला असल्यामुळे कुर्ता, सलवार आणि अस्तराचा साधा ब्लाऊज बेतता येतो. परंतु वर्गात सगळे साहित्य तिथलेच वापरत असल्याने माझ्याकडे स्वतःचे असे काहीच नाही. मशीन घेतल्यावर आता साधारण तीन हजार रुपये हाताशी उरले आहेत. ऑनलाइन दुकानांत शंभर-शंभर वस्तूंचे शिवण संच दिसतात, पण त्यातल्या निम्म्या वस्तूंचा उपयोग काय, हेच कळत नाही.

कोणत्या साधनांवर पैसे खर्च करावेत आणि कोणती स्वस्तातली चालतील, हा माझा मुख्य प्रश्न आहे. शिवाय इंटरलॉकची, म्हणजे कापडाची कड दोऱ्यांनी गुंफून बंद करण्याची, सोय घरात नसताना कापडाच्या कडा कशा सांभाळाव्यात आणि पुढेमागे झिगझॅगचे, म्हणजे नागमोडी टीप मारणारे, ऑटोमॅटिक मशीन घ्यावेच लागेल का, हेही जाणकारांनी सांगावे.

टीपकागद (पुणे)

रानजाई, तुमचे सरळ टिपेचे मशीन घरच्या कपड्यांसाठी पुरेसे आहे, त्यामुळे उरलेली रक्कम कापणे, मोजणे आणि इस्त्री करणे या तीन कामांकडे वळवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कपडा ‘घरी शिवलेला’ दिसतो तो बहुतेक वेळा टिपेमुळे नव्हे, तर वाकडे कापल्यामुळे आणि इस्त्रीचा कंटाळा केल्यामुळे.

सर्वांत जास्त पैसे कात्रीवर घाला. आठ किंवा नऊ इंची, मुठीकडे वाकलेली शिंप्याची कात्री घ्या. मूठ वर उचललेली असल्यामुळे खालचे पाते टेबलाला टेकून सरकते आणि कापताना कापड वर उचलले जात नाही. मेरठच्या कात्र्या पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेल्या आहेत, 2013 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले, आणि त्यांचा मोठा गुण असा की त्या पुन्हापुन्हा धार लावून वापरता येतात. विकत घेताना दुकानातच मलमलीचा किंवा पातळ रेशमाचा तुकडा पात्याच्या अगदी टोकाने कापून पाहा. टोकाशी कापड चघळले गेले तर ती कात्री नको. धार लावणाऱ्याला मात्र बजावून सांगा की पात्याची आतली बाजू घासायची नाही, कारण ती किंचित खोलगट असते आणि त्या खोलगटपणामुळेच दोन पाती नेमक्या धारेवर भेटतात. या कात्रीने कागद कापायचा नाही, हा नियम घरातल्या मुलांनाच नव्हे तर मोठ्यांनाही सांगावा लागतो. कागदासाठी आणि दोरे तोडण्यासाठी साधी, लहान कात्री वेगळी ठेवा.

टेप स्वस्त असते, म्हणून ती कशीही घेतली जाते आणि तिथेच घोळ होतो. मऊ प्लॅस्टिकची टेप काही महिन्यांत ताणली जाते. फायबरग्लासची साठ इंची टेप घ्या आणि तिचे पहिले बारा इंच स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहा. मुंढा (बाही जोडतो ती गोलाई) आणि गळा आखण्यासाठी एक वक्रपट्टी आणि काटकोनासाठी एल पट्टी एवढे आखणीचे साहित्य पुष्कळ झाले. खडूच्या बाबतीत एक काळजी घ्या: मेणाचा खडू रेशमावर आणि फिकट कापडावर वापरू नका, कारण इस्त्रीच्या उष्णतेने मेण वितळून तेलकट डाग पडतो. मातीचा खडू झटकला किंवा धुतला की जातो. त्याची कड ब्लेडने तासून बारीक ठेवली की रेघही बारीक येते. जाड रेघेच्या आतून कापायचे की बाहेरून, या गोंधळात प्रत्येक भागामागे दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतात आणि ब्लाऊजसारख्या अंगाबरोबरच्या कपड्यात ते लगेच जाणवतात.

टाचण्या काचेच्या डोक्याच्या घ्या, कारण प्लॅस्टिकची डोकी इस्त्रीखाली वितळतात. शिवण उसवायचे हत्यार, म्हणजे सीम रिपर, दहा-वीस रुपयांचे असले तरी चालते. बोथट झाले की फेकून नवे घ्यावे. अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायची टोपी, हातशिलाई करणाऱ्यांनी सवय लावून घ्यावी अशी गोष्ट आहे, पण सवय नसलेल्याला ते आधी अडचणच वाटते. पुण्याला रविवार पेठेत किंवा मुंबईला भुलेश्वर भागात हे सगळे साहित्य पारखून घेता येते, आणि संचातल्या ज्या वस्तूंचा उपयोग आपल्याला कळत नाही, त्यांच्यावाचून आपले अडतही नाही.

मशीनवाला (कोल्हापूर)

मशीन दुरुस्तीचा व्यवसाय असल्यामुळे मी ताईंच्या यादीत सुयांची भर घालतो, कारण दुरुस्तीला आलेल्या कितीतरी मशीनांना सुई बदलण्यापलीकडे काहीच लागत नाही.

आपल्या घरगुती काळ्या मशीनला एचए गुणिले एक या प्रकारची, वरचा दांडा एका बाजूने सपाट असलेली सुई लागते. गोल दांड्याची डीबी सुई कारखान्यातल्या मशीनची असते, ती घेऊ नका. मलमल, व्हॉइल आणि पातळ रेशमाला 11 नंबर, पॉपलीन आणि खादीच्या कुर्त्याला 14 नंबर आणि जीन्ससारख्या जाड कापडाला 16 नंबर, असे तीन नंबर घरात असू द्या. टी-शर्टसारख्या होजिअरी कापडासाठी गोलसर टोकाची वेगळी सुई मिळते, कारण साधी सुई विणीतला धागा तोडते आणि मग धुतल्यावर तिथे भोके दिसू लागतात. टिपेला टकटक आवाज येऊ लागला, टाके सुटू लागले किंवा कापडात धागा ओढला जाऊ लागला की प्रथम सुई बदला. साधारण आठ-दहा तासांच्या प्रत्यक्ष शिलाईनंतर ती बदलावीच, कारण सुई ही या कामातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे. सुई बसवताना सपाट बाजू कोणत्या दिशेला ठेवायची, हे मशीनप्रमाणे बदलते, परंतु एक खूण सगळीकडे लागू पडते: सुईवरची लांब खाच ज्या बाजूला असते, त्याच बाजूने दोरा ओवायचा असतो आणि सपाट बाजू तिच्या बरोबर विरुद्ध येते.

दुसरी वस्तू म्हणजे चांगली बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची रिळी (बॉबिन) जिच्यात बसते ती डबी. जुन्या मशीनबरोबर आलेली केस बहुधा झिजलेली असते. भरलेली बॉबिन केसमध्ये बसवून ती दोऱ्याला लोंबकळती धरा आणि हात हलकेच झटका. ती दोन-तीन बोटे खाली येऊन थांबली तर खालचा ताण बरोबर आहे, सरळ घसरत गेली तर बारीक स्क्रू किंचित आवळा आणि जागची हललीच नाही तर सैल करा. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याच्या गुंतवळ्या दिसत असतील, तर दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो, हे ध्यानात ठेवा. कापड दाबून धरणारा फूट वर उचलूनच दोरा ओवावा, म्हणजे तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसतो.

तेल फक्त मशीनचेच घाला. खोबरेल किंवा स्वयंपाकाचे तेल काही दिवसांत चिकट होऊन मशीन जड करते, आणि मग ते उघडून रॉकेलने धुवावे लागते. बॉबिनच्या आसपास आणि कापड सरकवणाऱ्या दातांच्या फटीत साचलेले तंतू काढण्यासाठी जुना ब्रश पुरतो. तेल घातल्यावर आधी चिंधीवर टीप मारावी, म्हणजे नव्या कापडाला डाग लागत नाही.

कडांविषयी सांगायचे, तर इंटरलॉक नसताना सुती कुर्त्याला फ्रेंच शिवण उत्तम. कापडाच्या उलट बाजू एकमेकींना लावून कडेपासून पाच मिलिमीटरवर पहिली टीप मारा, कड तीन मिलिमीटरपर्यंत छाटा, मग कापड उलटवून सुलट बाजू आत घ्या आणि छाटलेली कड पोटात बंद होईल अशी दुसरी टीप मारा. ब्लाऊजच्या बाजूंना मात्र ही शिवण घालू नका. तिथे पुढे उसवून वाढवता यावे म्हणून माया, म्हणजे टिपेबाहेरचे जादा कापड, ठेवायची असते आणि फ्रेंच शिवणीत ती उरत नाही. तेवढ्या कडा बाहेरून इंटरलॉक करून आणाव्यात किंवा अस्तराच्या आत बंद कराव्यात. काज आणि पिको (कडेची बारीक नागमोडी शिलाई) हेसुद्धा दुकानातून करून घेता येतात, त्यामुळे तेवढ्यासाठी झिगझॅग मशीन घेण्याची घाई नको. होजिअरीचे कपडे नियमित शिवायचे ठरवलेत, तर मात्र ते घ्यावे लागेल, कारण सरळ टीप ताण पडला की तुटते.

दूरदेशी (न्यू जर्सी)

टीपकागद यांच्या कात्रीप्रेमाचा आदर राखून एक वेगळे मत मांडते. इथे शिवणाऱ्या पुष्कळ जणी गोल पात्याचा रोटरी कटर आणि त्याखाली कापण्याची खास चटई वापरतात. उरेब, म्हणजे तिरक्या, पट्ट्या कापायच्या असतील किंवा शिफॉन, जॉर्जेटसारखे निसटते कापड असेल, तर कटरची बरोबरी कात्री करू शकत नाही, कारण कापड जागचे हलतच नाही. नमुन्याचा कागद टाचण्यांऐवजी वजनांनी दाबून ठेवता येतो आणि त्यासाठी वरणभाताच्या वाट्याही चालतात. चटई मात्र उन्हात किंवा इस्त्रीजवळ ठेवू नये, ती एकदा वाकली की पुन्हा सपाट होत नाही. पाते उघडे ठेवून कटर बाजूला ठेवणे धोक्याचे आहे, हे लहान मुले असलेल्या घरात विशेष सांगावेसे वाटते.

उष्णतेने पुसली जाणारी पेने हल्ली खुणांसाठी सर्रास वापरली जातात. इस्त्री फिरवली की रेघ नाहीशी होते खरी, पण तोच कपडा कडक थंडीत राहिला तर ती पुन्हा उमटू शकते. म्हणून अशा पेनाने फक्त शिवणीच्या आत जाणाऱ्या खुणा कराव्यात. आणखी एक सूचना परदेशी येऊ घातलेल्यांसाठी: भारतातली मोटर 230 व्होल्टची असते आणि अमेरिकेत घरातला पुरवठा 120 व्होल्टचा असतो, त्यामुळे मशीन आणायचेच असेल तर मोटर तिथेच सोडून हाताचे चाक बसवून आणावे.

टीपकागद (पुणे)

उरेब पट्ट्यांपुरते तुमचे म्हणणे मान्य आहे. मुंढ्याच्या आणि ब्लाऊजच्या कटोरीच्या (छातीवरच्या गोल भागाच्या) लहान वळणांवर मात्र मोठ्या चाकाचा कटर नवशिक्याच्या हातून रेघेबाहेर जातो. शिवाय चांगली चटई आणि कटर यांतच रानजाई यांचे निम्मे पैसे संपतील.

रानजाई (नाशिक)

सर्वांचे आभार. कात्री, फायबरग्लासची टेप, सुयांची तीन पाकिटे आणि नवी बॉबिन केस एवढे या आठवड्यात घेईन. कटर नंतर पाहू. टीपकागद ताई, तुम्ही इस्त्रीचा उल्लेख केलात, पण त्याविषयी पुढे काही लिहिले नाही. माझ्याकडे वाफेची नाही, साधीच इस्त्री आहे. ती पुरेल का, आणि मुंढ्यासारख्या गोलाईवर इस्त्री कशी करावी?

टीपकागद (पुणे)

साधी इस्त्री पुरते, किंबहुना जड असेल तर अधिक चांगली. वाफेचे काम ओलसर मलमलीचा तुकडा किंवा पातळ सुती पंचा करतो. शिवताना इस्त्री जवळच तापलेली असावी आणि प्रत्येक शिवण दुसऱ्या शिवणीला जोडण्याआधी दाबलेली असावी. आधी टीप आहे तशीच, दोन्ही थर एकत्र ठेवून दाबा, म्हणजे टाके कापडात बसतात. त्यानंतर माया दोन बाजूंना उघडून पुन्हा दाबा. इथे इस्त्री घासायची नसते, ठेवायची, उचलायची आणि पुढे ठेवायची असते, कारण घासल्याने उरेब भागातले कापड ताणले जाते आणि गळा लोंबू लागतो.

गोलाईसाठी परदेशात लाकडाच्या भुशाने घट्ट भरलेली अंडाकृती उशी वापरतात. जाड खादीचे दोन तुकडे शिवून सुताराकडचा कोरडा भुसा ठासून भरला, की ती घरीच तयार होते, आणि तोपर्यंत घट्ट गुंडाळलेला टॉवेल बाहीच्या आत सारून त्यावर मुंढा दाबता येतो. सुती कापड मात्र बेतण्यापूर्वी भिजवून, वाळवून आणि इस्त्री करूनच टेबलावर घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून मापे बदलतात. अस्तरही त्यासोबतच भिजवा, कारण अस्तर आणि वरचे कापड वेगवेगळे आटले तर ब्लाऊजला आतून चुण्या पडतात. रेशमावर दाबायचा पंचा पांढराच घ्यावा. रंगीत असेल तर ओला करून आधी चिंधीवर इस्त्रीखाली तपासून पाहा.