ताई-ची: मूळ घराणं कुठलं?

नवशिक्या: गुडघ्यांसाठी म्हणून दोन वर्षं रोज पहाटे बागेत 24 हालचालींची ताई-ची, म्हणजे तो संथ चिनी व्यायाम, करतोय. परवा चेन घराण्याचा व्हिडिओ पाहिला, तर तो गडी मधेच पाय आपटतो, झटक्यात ठोसा मारतो! मग मी करतोय ते काय?

जुना खोड: मूळ चेनच. हेनान प्रांतातलं चेनज्यागोऊ गाव, सतराव्या शतकातला चेन वांगतिंग. पुढे चेन चांगशिंगकडे यांग लुचान (1799–1872) शिकला आणि विद्या बीजिंगला घेऊन गेला. त्याचा नातू यांग चंगफू यानं झटके गाळून सगळं संथ, ऐसपैस केलं. तुमचे 24 त्याच यांग वळणाचे, पण 1956 साली सरकारी क्रीडा समितीनं बसवलेले. घराणं कसलं, अभ्यासक्रम तो!

वाटसरू: आणि वुडांग डोंगरावरचे झांग सानफेंग? आमचे सर तर त्यांनाच आद्यगुरू मानतात.

जुना खोड: दंतकथा हो. युद्धकलांचा इतिहासकार तांग हाओ 1930च्या दशकात चेनज्यागोऊला जाऊन आला आणि त्यानं ती खोडून काढली. सरांना मात्र सांगू नका.

नवशिक्या: म्हणजे आजोबांची द्रुत चीज नातवानं विलंबितात घेतली! मला विलंबितच बरं. पाय आपटायला गुडघे कुठून आणू?