तारांकन १७ व्या वर्षाचे, कसोटी पुढची
पंचतारांकित (भरतीआधीच्या मूल्यांकनात सर्वोच्च, म्हणजे पाच तारे मिळालेले) खेळाडू डोक्यात हवा गेल्यामुळेच अपयशी ठरतात, हे मत मला अपुरे वाटते. अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधील हे तारांकन साधारण १७ वर्षांच्या मुलाचे असते. ज्याची शारीरिक वाढ लवकर झाली, तो शालेय सामन्यांत केवळ अंगबळावर समोरच्यांना लोळवतो, मात्र महाविद्यालयात सगळेच दणकट असल्याने तंत्रातील उणिवा उघड्या पडतात. त्यातच भरती करणारा प्रशिक्षक दुसरीकडे गेला, तर नव्या डावपेचांत त्याला जागाच उरत नाही. उलट पंचतारांकित नसलेला जे. जे. वॉट (सेंट्रल मिशिगन विद्यापीठात चक्क टाइट एंड, म्हणजे आक्रमणफळीतला खेळाडू!) शिष्यवृत्तीविना विस्कॉन्सिन विद्यापीठात गेला, बचावफळीत स्थिरावला आणि २०११ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगमधील संघांच्या खेळाडू-निवडीत) ११ व्या क्रमांकावर निवडला गेला.