सी हॅरियरचा करडा: नंबराची बाटली आणली की रंग जुळला का?

वास्कोकर (धागाकर्ता):
नौदलाच्या सी हॅरियर या लढाऊ जेटचं माझं १/७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं) मॉडेल परवा एका गटावर टाकलं. लगेच एका गृहस्थांचा शेरा: "वरचा करडा चुकलाय. एक्स्ट्रा डार्क सी ग्रे म्हणजे बीएस ३८१सी या ब्रिटिश रंगयादीतला नंबर ६४०. त्या नंबराची बाटली आणायची, मारायची, विषय संपला." विषय संपत नाही, म्हणून इथे लिहितोय.

डिसेंबर १९८३मध्ये पहिली विमानं गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावर उतरली तेव्हा मी चौथीत होतो. पाठ गडद करडी, पोट पांढरं, नव्या भांड्यासारखी चकचकीत. काही वर्षांनी पाहिली तेव्हा खाऱ्या वाऱ्यानं आणि उन्हानं त्या करड्यातला निळसरपणा शोषून घेतला होता. पाटीवर खडू पुसल्यासारखा रंग. मला ते विमान करायचंय. शिवाय १/७२चं मॉडेल हातभरावर धरलं, म्हणजे खरं विमान पन्नासेक मीटरवरून बघणं झालं. तेवढ्या अंतरानं गडद रंग फिका दिसतोच. म्हणून ६४०च्या सहा थेंबांना एक थेंब पांढरा मिसळला.

पाषाणकर:
तो शेरा माझा. "एक गृहस्थ" कशाला, सरळ नाव घ्या.

चौथीतल्या मुलाच्या डोक्यावरून विमान गेलं तर त्याला पोट दिसणार, म्हणजे पांढरं. पाठीचा करडा चाळीस वर्षं लक्षात कसा राहिला? आणि पन्नास मीटरवर हवा रंग खाते? पुण्यातून सिंहगड धुरकट दिसतो, पण मध्ये कोसांची हवा असते. पन्नास मीटरवरची रिक्षा काळीपिवळीच दिसते. असं प्रत्येकानं आठवणीप्रमाणे पांढरं ओतायचं ठरवलं तर नंबर ठरवले कशाला?

डोंबिवलीकर:
माझा ६४० तर दोघांसारखाही आला नाही. जुलैत लॅकर (थिनरमध्ये पातळ करायचा, झटपट वाळणारा रंग) मारला आणि बघता बघता पंखांवर दुधावर धरते तशी साय. बाटली वाया, तीन रविवार वाया. यावर कुणी बोलत नाही.

रत्नांग्रीकर:
अवांतर आहे, पण लिहिते. याला ब्लशिंग म्हणतात. लॅकरचं थिनर झपाट्यानं उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प ओल्या रंगात अडकतं. रिटार्डर घाला, थिनर सावकाश उडेल. साय आलीच असेल तर रिटार्डर घातलेलं नुसतं थिनर हलक्या हातानं फवारा, बरेचदा जाते. मी मात्र जून ते सप्टेंबर एअरब्रशला (हवेच्या दाबानं रंग फवारायच्या पेनाला) हात लावत नाही. ॲक्रिलिक आणि ब्रश.

डोंबिवलीकर:
ब्रशनं जेट? ओरखडे दिसणारं मॉडेल मी कपाटात ठेवणार नाही.

रत्नांग्रीकर:
हे वाक्य दर वेळी ऐकते आणि दर वेळी डोकं फिरतं. ज्याला कॉम्प्रेसर परवडत नाही त्यानं मॉडेल करूच नये का? माझी पहिली आठ वर्षं एका ब्रशवर गेली. १९८२ला फॉकलंडच्या युद्धाला जाताना ब्रिटिशांच्या हर्मिस या विमानवाहू जहाजावर खऱ्या सी हॅरियरची पांढरी पोटं ब्रशनं करडी केली होती, भर समुद्रात. तीच हर्मिस १९८७ला आपली विराट झाली. खऱ्या विमानाला चाललेला ब्रश मॉडेलला कमीपणाचा कसा?

डोंबिवलीकर:
ती युद्धाची घाई होती, ताई. मला घाई नाही. तरी कपाटाचं वाक्य मागे घेतो. ओरखड्यांचं नाही.

पाषाणकर:
थिनर आणि ब्रश पुरे. ताईंच्या उदाहरणानं माझाच मुद्दा सिद्ध होतो. त्याच युद्धात मागाहून गेलेली ब्रिटिशांच्या ८०९ स्क्वाड्रनची (तुकडीची) विमानं फिकी होती, वरून मीडियम सी ग्रे, नंबर ६३७. दोन करडे जाणूनबुजून वेगळे. पांढरं ओतत गेलात तर हा फरक उरेल का?

वास्कोकर:
हे लागलं. आज मॉडेल खिडकीत नेऊन पाहिलं. माझा रंग ६४०पेक्षा ६३८, म्हणजे नुसत्या डार्क सी ग्रेकडे झुकलाय.

पण पाठ दिसली कशी म्हणता? धावपट्टीकडे वळताना विमान कलतं, तेव्हा पाठच समोर येते. आणि दुरुस्तीत बदललेली झाकणं ताज्या रंगाची, गडद, शेजारचा पत्रा विटलेला, हे मी कुंपणाबाहेरून कितीदा पाहिलंय. एकाच विमानावर दोन करडे. तुमची एक बाटली ते कसं दाखवणार?

पाषाणकर:
झाकणांचं मान्य. तेवढंच. पण आधी सगळीकडे शुद्ध ६४०, मग फिकेपणा वरून, पातळ थरांनी, एकेका पॅनलवर. झाकणं तशीच सोडायची. बाटलीत पांढरं नाही.

वास्कोकर:
बाटलीत मिसळलं ही चूक झाली. पाठ पुन्हा रंगवतो, पाऊस सरल्यावर.

रत्नांग्रीकर:
पावसासाठी थांबू नका. ॲक्रिलिक पातळ करा, रुंद मऊ ब्रश घ्या, चार थर द्या, प्रत्येक थर पुरता वाळू द्या.